पाकळी कुठे पाडायची होती?

तळकोकणातल्या एका गावात धोंडोशास्त्री नावाचे एक म्हातारे तत्त्वज्ञ राहत. चाळीस वर्षं त्यांनी वाद केले. जग खरं की भास, आत्मा आहे की नाही, देवाला कोणी केलं. सकाळी एक बाजू भक्कम उभी करायची आणि दिवेलागणीला तीच पाडायची, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. एवढं करून ठरलं काहीच नाही. बायको गेली, तेव्हा ती कुठे गेली हेसुद्धा त्यांना सांगता आलं नाही. तेव्हापासून त्यांनी वाद सोडला. ओटीवर नुसते बसून असत. लोक म्हणत, "शास्त्रीबुवांचा सगळाच नरो वा कुंजरो वा." ते काही खोटं नव्हतं.

त्या वर्षी गावात गुरं मरू लागली. पंधरा दिवसांत नऊ बैल गेले. रोग कळेना. पण माणसाला कारण लागतं, आणि खरं सापडलं नाही तर जवळचं चालतं. आनशी नावाची एक विधवा गावात एकटी राहायची, लोकांच्या घरी भात कांडून पोट भरायची. ती ज्या गोठ्यावरून जाते तिथली गुरं मरतात, ही तिचीच करणी, असं कोणीतरी म्हणालं. ती रोज सगळ्याच गोठ्यांवरून जाते, हे मात्र कोणी म्हणालं नाही.

अवघड गोष्ट देवाला विचारायची, ही त्या गावाची रीत. गुरव मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. आधी उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. याला कौल म्हणतात. एकदा लावलेला कौल पुढच्या जत्रेपर्यंत पुन्हा लावायचा नाही, हीही रीतच. तर कौल लावला, उजवी पाकळी पडली, आणि गावचे मानकरी बाबल गावकर यांनी निकाल सांगितला. आनशीनं दुसऱ्या दिवशी गाव सोडायचं.

आनशी शास्त्रीबुवांच्या ओटीसमोर येऊन उभी राहिली.

"शास्त्रीबुवा, मी काय एक करूक नाय. तुम्ही तेवढा सिद्ध करून दाखवा."

"बाई, मला आजवर काहीच सिद्ध करता आलेलं नाही. हेही येणार नाही."

आनशी पायरीवर बसली आणि रडू लागली. शास्त्रीबुवांना तिची फार कीव आली, आणि स्वतःच्या सगळ्या पोथ्यांचा वीट आला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "देवाला नेमकं विचारलं काय?"

आनशीला शब्द न् शब्द पाठ होता. "हिणा एकटीन केल्यान आसात तर उजवी दी, कोणाक सोबत घेवन केल्यान आसात तर डावी दी."

शास्त्रीबुवांनी तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं. मग त्यांनी काठी घेतली. कित्येक वर्षांनी ते देवळाची पायरी चढले. बाबल, गुरव आणि गावकरी अजून तिथेच बसलेले होते; तिथे पोचेपर्यंत त्यांना धाप लागली होती.

"बाबल, मला एवढंच सांग. देवाला हिला सोडायचं असतं, तर त्यानं पाकळी कुठे पाडायची होती?"

बाबलनं गुरवाकडे पाहिलं. गुरवानं मूर्तीच्या दोन्ही बाजूंकडे पाहिलं.

"तशी जागाच ठेवूक नाय आम्ही," तो म्हणाला.

"मगे परत लाव कौल," बाबल म्हणाला.

"जत्रेच्या आधी लावूचो नाय," गुरव म्हणाला.

बाबल चिडला. "शास्त्रीबुवा, मगे गुरां कित्यान मेली, ता तरी सांगा!"

"ठाऊक नाही."

"म्हंजे तुमच्या शास्त्रान काय एक ठरूक नाय."

"नाही ठरलं," शास्त्रीबुवा म्हणाले. "पण तुमच्या कौलानंही ठरलेलं नाही. न ठरलेल्या गोष्टीपायी बाईचं घर उठवू नका."

दुसऱ्या दिवशी तिला घालवायला कोणी आलं नाही, आणि आनशी गावातच राहिली. आणखी दोन बैल गेले, लोक कुजबुजले, मग रोग आला तसा निघून गेला. जत्रा आली तेव्हा हा कौल पुन्हा लावायची कोणाला आठवणही झाली नाही. आनशीची माफी कोणी मागितली नाही. गावं माफी मागत नसतात.

एकदा ती शास्त्रीबुवांकडे सुपात थोडे तांदूळ घेऊन आली.

"खरा सांगा, मी काय करूक नाय, ह्या तुमका म्हायत होता?"

"नव्हतं. आजही नाही."

आनशीचा चेहरा उतरला. तिनं सूप खाली ठेवलं आणि ती म्हणाली, "सगळ्या गावाक म्हायत होता. तुमकाच तेवढा म्हायत नव्हता, म्हणान मी आज हय आसंय."

तात्पर्य: तत्त्वज्ञानानं सत्य सिद्ध होईलच असं नाही, पण जग ज्याला सिद्ध झालं म्हणतं ते अजून झालेलं नाही, एवढं त्यानं दाखवता येतं, आणि एखाद्याचं घर वाचायला कधीकधी तेवढंही पुरतं.