बाईंचं स्मारक

वडवलीच्या शाळेत घरतबाई दुसरीच्या मुलांना बागेतच विज्ञान शिकवायच्या. पालापाचोळा आणि प्लास्टिक शेजारी शेजारी पुरायच्या, अन् काय मातीत मिसळलं ते मुलांनाच उकरून पाहायला लावायच्या. यंदा तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या.

शोकसभेत संस्थेचे अध्यक्ष मोकलशेठ म्हणाले, "ही बाग काढून इथं सिमेंटचं स्मारक बांधू. वर आमचं नाव, खाली बाईंचं. कायम टिकेल!"

टाळ्या पडल्या. दुसरीतली हर्षाली मात्र रडत उभी राहिली. "शेठ, बाई सांगायच्या, जे मातीत मिसळतं त्यातूनच नवं उगवतं. सिमेंट तर मिसळतच नाही. मग आमच्या बाई परत कशा उगवतील?"

शेठनी बाग राहू दिली.

मुलांनी तिथं वाल पेरले. ते उगवले तेव्हा हर्षालीने एकेक कोंब निरखून पाहिला, आणि ती पुन्हा रडू लागली.