दुसरा दोर

गिधाडकड्याच्या मधोमध बैलगाडीच्या चाकाएवढं आग्या मोहोळ लटकत होतं. तिथवर आजपर्यंत कोणी उतरलं नव्हतं. ते काढायचं, हे मध काढणाऱ्या गोमाचं लहानपणापासूनचं वेड. जंगल जहागीरदारांचं, म्हणून त्याने परवानगी मागितली. जहागीरदार लवाजमा घेऊन स्वतःच बघायला आले.

गोमाने दोन दोर काढले.

“दोन कशाला?” जहागीरदारांनी विचारलं.

“एक माझा मेव्हणा धरतो, सरकार. बहिणीच्या कुंकवाची काळजी असते, म्हणून तो सोडत नाही. दुसरा झाडाला बांधतो. मेव्हण्याचा पाय घसरला तर असावा.”

“म्हणजे मनात आधीच माघार! ज्याला खरी ओढ असते तो मागचा विचार करत नाही. एकाच दोरावर उतर, नाहीतर घरी जा.”

सगळ्या लवाजम्याने माना डोलावल्या. त्यातलं कोणीही कड्याच्या टोकाजवळ उभं नव्हतं.

गोमाने दुसरा दोर बाजूला ठेवला.

“हुकूम, सरकार. पण मेव्हण्याचं मनही माझ्यासारखंच कच्चं. एकच दोर असेल, तर त्याचं वरचं टोक पक्क्या मनाच्या माणसाच्या कमरेला हवं. असा माणूस इथे एकच दिसतो.”

आणि त्याने ते टोक अदबीने जहागीरदारांपुढे धरलं.

लवाजम्याने पुन्हा माना डोलावल्या.

जहागीरदार दोन पावलं पुढे गेले, खाली डोकावले आणि चार पावलं मागे आले.

“तो झाडाला बांधायचा दोर,” ते म्हणाले, “एकच आणलायस, की आणखी मागवू?”