इनास मेस्ताची भोकं

ज्याने कुणी जीपची भोकं बुजवली, त्याने गावाचा घात केला. त्याचं नाव घ्यायची सोय नाही, कारण मग अर्ध्या गावाचं नाव घ्यावं लागेल.

ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. आडबंदर गावात एकच जीप होती. ओहोटी लागली की खाडीत दगडांची वाट उघडी पडायची आणि त्या वाटेने जीप पलीकडच्या दवाखान्याला, बाजाराला जायची. गावाचा तिच्यावर भारी जीव. तिच्या दारांच्या बुडाशी आणि तळाच्या पत्र्याला बारीक भोकं होती. त्यांतून खारं पाणी आत शिरतं, म्हणून मायेने कुणी त्यांत लांबी भरली, कुणी डांबर, कुणी चक्क मेण. पाणी यायचं तेवढं वरून आलंच, फक्त बाहेर जाईना. ते आतच मुरलं आणि पत्रा कुजत गेला. वरून रंग मात्र नवरीसारखा! झाकलं की बरं झालं, हे आपल्याला कोण शिकवतं कोण जाणे.

शेवटी बाबल ड्रायव्हरच्या टाचेखाली तळाचा पत्रा पापडासारखा मोडला, तेव्हा इनास मेस्ताला बोलावणं गेलं. इनास पत्र्याचं काम करायचा. पत्र्याला कान लावून तो टिचकी मारायचा आणि गंज कुठवर पोचलाय ते त्याला ऐकू यायचं, असं म्हणतात. त्याची चाहूल लागली की गंज जागच्या जागी थिजायचा, असंही म्हणतात.

इनासने कुजकं सगळं कापून काढलं. नवा पत्रा जोडला, सांधे घासले, त्यावर तांबड्या रंगाचा हात फिरवला. गाव खूश झालं. आणि मग त्याने त्या नव्याकोऱ्या पत्र्याला भोकं पाडायला घेतली.

“मेस्ता, डोक्यार पडलंस काय?” गावचा आबा खोत ओरडला. “तुका भोकां बुजवूक हाडलो, पाडूक न्हय!”

“आबानु, आत गेलेला भायर येवक नको?” इनास म्हणाला. “तुमीच सांगा, दोन दिस पोट साफ नाय झाला तर कसा वाटता?”

लोक खो खो हसले. आबा हसला नाही. “गाडी बुडली तर तुझो हातोडो खाडीत आणि तू गावाभायर.”

इनासने मान डोलावली. आडबंदरावाचून त्याला दुसरं गाव नव्हतं. तरी भोकं त्याने पाडलीच.

त्यानंतर थोड्याच दिवसांत खाडीत तिसऱ्यांचे शिंपले काढताना गावातल्या तरण्या काशीबायच्या पायात पाकट माशाचा विषारी काटा रुतला. पाय सुजून निळा पडला, ती बरळू लागली. भरती तर चढायला लागलेली. बाबलची छाती होईना. मागे एकदा असल्याच पाण्यात भोकं बुजवलेली जीप उचलली गेली होती आणि दोर टाकून ओढावी लागली होती. इनास काशीबायचं डोकं मांडीवर घेऊन मागे बसला. मग बाबलला चावी फिरवावीच लागली.

मधल्या खोलगटात पाणी दारांना भिडलं. चाकं दगडांवरून सुटू लागली, जीप बाजूला सरकली. इनासने डोळे मिटले. आपला हातोडा त्याला खाडीच्या तळाशी दिसला. तेवढ्यात पायाखाली गुळगुळ आवाज झाला. भोकांतून पाणी आत आलं, घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं. जीप जड झाली आणि अंड्यांवर कोंबडी बसावी तशी दगडांवर बसली. चाकांनी वाट धरली. पलीकडे चढताना तिच्या भोकाभोकांतून धारा लागल्या, धारांबरोबर कोळंबी पडली, मुडदुशा पडल्या आणि दवाखान्यापर्यंत मांजरांची वरात मागे लागली, असं म्हणतात.

काशीबाय वाचली. आबा खोताने भर बाजारात इनासला मिठी मारली.

आता पूल झाला. जीप नाही, इनासही नाही. पण आडबंदरात अजून दसऱ्याला गाडीला हार घालण्याआधी माडाच्या झावळीची हीर घेऊन तिच्या बुडाची भोकं मोकळी करतात. त्याला ‘इनास करणं’ म्हणतात. गाडी कालच आलेली असो, इनास केल्याशिवाय नारळ फुटत नाही.

एकदा शोरूमचा एक माणूस नवी गाडी पोचवायला आला होता. दाराखाली हीर खुपसणारी म्हातारी काशीबाय बघून तो घाबरला. म्हणाला, “आजी, अहो नवीन गाडी आहे, भोकं कसली शोधताय?”

काशीबायने वर न बघताच उत्तर दिलं, “भोकां नसली तर गाडयेची होडी जाता रे बाबा. आणि होडयेक ब्रेक असतत खंय?”