आधी परत बसव

“काढून टाकलंस म्हणतोस, मग हे मशीन अजून कुणाला हाका मारतंय?”

केशवगिरी महाराजांनी पडद्याकडे बोट केलं. हृषीकेशने मान पुढे काढून पाहिलं. एकच ओळ, तिच्याखाली तीच, तिच्याखाली तीच... सापडत नाही, सापडत नाही, सापडत नाही.

मठात कॉम्प्युटर कशाला, हे गावात सगळ्यांचं विचारून झालं होतं. जुन्या पोथ्यांचे फोटो ठेवायला. कुठल्याशा कॉलेजने हे युनिक्सचं वर्कस्टेशन देऊन टाकलेलं. आत खेळ काय, परदेशी भाषांचे शब्दकोश काय, नको तो पसारा. पोथ्यांना जागाच उरेना.

आणि लातूरचा हृषीकेश पुण्यातली कॉम्प्युटरची चांगली नोकरी टाकून तीन आठवडे मठात बसलेला. दीक्षा द्या म्हणून.

“एवढे शब्दकोश काढ, मग बोलू,” महाराज म्हणाले होते.

त्याला मनातून हसूच आलं. आयुष्यभर हेच तर केलं! सकाळचा चहा निवायच्या आत त्याने अख्खं फोल्डर एका फटक्यात उडवलं. अकरा वाजता डिस्क पुन्हा काठोकाठ.

“लॉग भरलाय, महाराज, मशीनची तक्रारवही. शब्दकोशाचा एक प्रोग्रॅम मागे चालूच राहिलाय. सेकंदाला हजारदा आपल्या फायली शोधतो, मिळाल्या नाहीत की तक्रार लिहितो. पुसतो मी.”

“सकाळपासून किती वेळा पुसलंस?”

“...तीनदा.”

खिशातला फोन थरथरला. त्याने न बघता वरूनच दाबला.

“घरून?”

“अप्पा असतील. दमतील आणि थांबतील. मी सगळं सोडलंय, महाराज.”

“सांगून?”

“सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का त्यांनी?”

“फोन मात्र आणलास.”

हृषीकेशने खिशावरचा हात काढून कीबोर्डवर ठेवला.

“बरं, ते शब्दकोशांचं पॅकेज रीतसर काढ की.”

“तेच करत होतो. होत नाही. कसं काढायचं ते लिहिलेली फाइल त्याच फोल्डरात होती.”

“वा! दारच उपटलंस की रे.”

महाराज उठले. कपाटातून एक सीडी काढली, छाटीच्या टोकाने पुसली, त्याच्या हातावर ठेवली.

“आधी परत बसव.”

“परत? जे घालवायचं तेच?”

“सगळं. एक फाइल कमी नको.”

हृषीकेशचे कान तापले. पण बोलायची सोय नव्हती. त्याने चौथ्यांदा लॉग पुसला, सीडी आत ढकलली. वीस मिनिटं गेली. शब्दकोश सगळेच्या सगळे जागेवर आले...

आणि तक्रार थांबली. सकाळपासून पहिल्यांदा. त्याने तोवर साचलेला लॉग पुसला.

“आता काढू?”

“आधी विचार, त्याच्यावाचून कुणाचं अडतंय.”

त्याने मशीनला विचारलं. एक नाव आलं. पोथ्यांची सूची. मठाचीच! ती शब्दकोशातला एक फॉन्ट वापरत होती. सकाळी हे त्याच्या गावीही नव्हतं. त्याने निमूटपणे सूचीला तिचा फॉन्ट वेगळा आणून दिला. मग एक ओळ टाइप केली.

मागचा प्रोग्रॅम आपणहून थांबला. फायली गेल्या, नोंद गेली. लॉग उघडला तर एक अक्षर नाही.

“गेलं, महाराज! माग म्हणून राहिला नाही!” हृषीकेश अगदी लहान पोरासारखा हसला. मग सावरून बसला, हात जोडले. “आता माझं बघा. दीक्षा कधी?”

महाराजांनी मशीनवर फडकं घातलं, चारी कोपरे नीट ओढले.

...

खिशात फोन थरथरला. या वेळी दोघांनीही ऐकला.

“लातूरची गाडी साडेचारला आहे. जेवून निघ.”