राहिलेला खो

सन १९८८. फाल्गुन शुद्ध पंचमी, ऊन उतरायच्या बेतात.

"नऊ जणांत माझं नाव घालायला अडचण काय आहे, उस्ताद?"

भूपाल मगदूमने हे पुन्हा विचारले. दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. ते बोरगावच्या मैदानावर दोरी ताणून, ओणवे होऊन चुन्याची फक्की मारत होते. दुसऱ्या दिवशी गावच्या उरसातला खो-खोचा शेवटचा सामना होता. गावचा संघ उस्ताद निवडत. रेघाही तेच मारत.

"दोरीवर पाय देऊ नकोस," ते म्हणाले.

भूपालने पाय काढला.

तो याच मैदानावर, याच माणसाच्या हाताखाली शिकला होता. पुढे एका कंपनीने त्याला खेळासाठी नोकरीत घेतले. सोळा वर्षे तो कंपनीकडून खेळला. कलकत्ता, इंदूर, हैदराबाद, जिथे सामना तिथे त्याचे नाव आधी पोचलेले असे. खांबावर मारलेला त्याचा सूर बघायला माणसे तिकीट काढून येत. दोन वर्षांपूर्वी कंपनीने त्याला हार घातला आणि संघातून काढून टेबलाशी बसवले. आता वय अडतीस.

"उस्ताद, मी एकच सामना मागतोय."

"कंपनी एक सामना देत न्हाई, म्हणून गावाकडं व्हय?"

"तसं नाही."

"मग कसं?"

 "मला बसता येत नाही," भूपाल म्हणाला.

"कुठं?"

"खुर्चीवर. पत्रांवर शिक्के मारायचं काम आहे. मी उभ्यानं मारतो. साहेब म्हणतो, मगदूम, कंपनी तुम्हाला बसायचा पगार देते. मी बसतो. घटकेत उभा असतो."

"म्हणजे खुर्चीनं तुला बाद केलं."

"चेष्टा करा."

"चेष्टा न्हवं. जे कुणाला जमलं न्हाई ते खुर्चीला जमलं."

उस्ताद खोकले. फक्कीची पाटी त्यांनी पुढे सरकवली आणि पुढची रेघ धरली.

"हितं नऊ गडी ठरल्यात," ते म्हणाले. "कुणाचं नाव काढू?"

"नववा कोण आहे?"

"सुतारांचा मारुती. तीन उरूस राखीव हाय. औंदा पहिल्यांदा उतरणार."

"अजून एक उरूस थांबेल की. त्याचं वय आहे."

"हां. वय हाय त्याचं."

"लोक मला बघायला येतील, उस्ताद. मारुतीला कोण ओळखतो?"

"त्याची आई."

भूपाल हसला. उस्ताद हसले नाहीत.

रेघ पुरी झाली. उस्ताद कमरेवर हात ठेवून सावकाश सरळ झाले. उंच, हडकुळा माणूस. पिंजाऱ्याचा धंदा. साठ वर्षांच्या पापण्यांवर कापूस बसलेला असायचा, आज फक्की बसली होती.

"सोळा वर्सं खेळलास. काय काय आठवतं?"

भूपालने विचार केला नाही. हे त्याच्या तोंडावरच होते.

"रात्रभर गाडीत उभं राहून सकाळी उतरायचं आणि दुपारी मैदानात. कोपराची साल गेलेली. त्यावर कुणीतरी हळद दाबायचं, कुणी तेल. हैदराबादला मैदानात खडी होती. तिथं सूर मारला तर पंच धावत आला, म्हणाला मेलास का? मी गडी धरून ठेवला होता हातात. इंदूरला लोकांनी खांद्यावरून धर्मशाळेपर्यंत नेलं. जिलब्या खाऊ घातल्या. एकदा..."

"तू पळायचास तवा आठ जण बसलेले असायचे."

"असायचेच. खेळच तो आहे."

"त्यांचं काय आठवतं?"

भूपाल थांबला.

"पाठी," तो म्हणाला. "पाठी आठवतात. कदम म्हणून होता, त्याच्या पाठीवर घामाचा असा आंबा उमटायचा. एक केरळचा होता, त्याच्या मानेवर तीळ. शिर्के बसला की खांदा पाडायचा. अंधारात हात लावला तरी सांगेन कोण आहे ते."

"तोंडं?"

"नजर पळणाऱ्यावर असते, उस्ताद. तुम्हीच शिकवलंय."

"मीच शिकवलंय."

...

वाऱ्याने फक्की थोडी उडाली. उस्तादांनी बोटाने रेघ सारखी केली.

"बरं," ते म्हणाले. "घालतो नाव."

भूपाल पायाला हात लावायला वाकला. उस्तादांनी त्याचा हात मध्येच धरला.

"पाया नंतर पड. आधी माझं देणं दे."

"देणं? तुम्ही कधी काही घेतलंच नाही. दर उरसाला विचारलं, उस्ताद, काय देऊ? तुम्ही म्हणालात, काही नको."

"ते शिकवल्याचं. त्याचं काही नको. हे निराळं."

"काय देऊ सांगा."

"माझा एक खो राहिलाय तुझ्याकडं."

भूपालला कळले नाही. त्याने तसे सांगितले.

"एकोणसत्तरचा उरूस," उस्ताद म्हणाले. "तू एकोणीस वर्सांचा. मी शिकवायचो, खेळायचोबी. माझा तो शेवटचा सामना. गावाला सांगून ठेवलं होतं, उद्यापास्नं मी रेघेच्या भायेर. आठवतं?"

"आठवतं. मी शेवटचा गडी बाद केला होता. आपण जिंकलो."

"जिंकलो. मी ह्या तिसऱ्या चौरसात बसलेलो. नदीकडं तोंड करून. त्यांचा गडी तुझ्या तावडीतनं सुटून माझ्या अंगाला आला. माझ्यापासनं हातभर. तू माझ्या मागं. तुला रेघ ओलांडून येता येत न्हवतं. खो माझा होता. मी टाच उचललेली..."

"मग?"

"मग तू पुढं गेलास."

भूपालने डोळे बारीक केले. आठवायचा प्रयत्न केला. त्याला खांब आठवला. सूर आठवला. हाताला लागलेला गड्याचा पाय आठवला.

"मी खांब फिरून धरला त्याला," तो म्हणाला.

"धरलास. झकास धरलास. तसा सूर मी परत बघितला न्हाई. लोकांनी तुला उचलला. शिट्टी झाली."

"आणि तुम्ही?"

"मी बसलेला. खो मिळाल्याबिगर उठायचं नसतं."

...

"उस्ताद, पण आपण जिंकलो की."

"कोण न्हाई म्हणतंय?"

"मी खो दिला असता आणि तुमच्या हातून तो गडी सुटला असता तर?"

"सुटलाबी असता. चाळिशीचा होतो."

"मग माझं चुकलं कुठं?"

"चुकलं असं मी कवा म्हणालो? राहिलाय, म्हणालो."

"एकोणीस वर्षं मनात धरून बसलात होय?"

"मी काय धरतोय. तू खेळायला जागा मागितलीस, मला माझी जागा आठवली. खो दे. नाव घालतो."

भूपाल मोठ्याने हसला. एवढेच मागत होते तर. त्याने चपला काढल्या, शर्टाची बटणे सोडली, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. वडाऱ्यांच्या दोन बायका पाट्या घेऊन चालल्या होत्या, त्या बांधावर थांबल्या. त्याने मान ताठ केली.

उस्ताद तिसऱ्या चौरसात गेले. नदीकडे तोंड करून बसले. बसताना गुडघा वाजला. दोन्ही हात जमिनीला टेकले, एक टाच उचलली.

समोर पळायला कोणी नव्हते.

भूपाल खांबापासून निघाला. दोन वर्षे झाली तरी पायांत खेळ होता. पहिला चौरस गेला. दुसरा गेला. तिसऱ्यापाशी उस्तादांची पाठ आली. सदरा खांद्यावर विरलेला. मणके दिसत होते.

भूपालचा हात उठला नाही.

तो पुढे गेला. पायच पुढे गेले. पलीकडच्या खांबाला हात लावून फिरला तेव्हा त्याचे त्याला नवल वाटले.

"हात बसला नाही," तो तिथूनच ओरडला. "सवय गेली."



खांब फिरल्यामुळे भूपाल आता रेघेच्या दुसऱ्या अंगाला होता. परत यायचे तर उस्तादांच्या समोरून यावे लागणार होते. तो धावत आला. समोर पळणारा नव्हता, म्हणून नजर लावायला जागा नव्हती. नजर उस्तादांच्या तोंडावर गेली.

उस्ताद त्याच्याकडे बघत नव्हते. ते समोर बघत होते. मान किंचित तिरकी, कान मागे. जबडा घट्ट. सगळा माणूस पाठीत गोळा झालेला.

भूपालची चाल तुटली. तो चालतच खांबापर्यंत गेला. फिरला. पुन्हा उस्तादांच्या मागच्या अंगाला आला.

पाठीपाशी उभा राहिला.

बांधावरच्या बायका एकमेकींशी काही बोलल्या.

"उस्ताद," भूपाल म्हणाला, "खो दिला की तुमच्या जागी मला बसावं लागेल."

"नियम हाय."

"आणि मला उठवायला कोण आहे इथं?"

...

"उस्ताद."

"मला मागं बघता येत न्हाई. काय करायचं ते कर."

भूपालने ओठ चाटले. वाकला. विरलेल्या सदऱ्यावर तळवा ठेवला.

"खो."

उस्ताद हलले नाहीत.

"ऐकू आलं न्हाई. पंचानं धरला नसता."

"खो!"

आवाज नदीपर्यंत गेला. बायका दचकल्या.

उस्ताद उठले. सुटल्या बाणासारखे नव्हे. आधी हात, मग गुडघा, मग माणूस. पण उठले आणि पळाले. समोर कोणी नसताना साठ वर्षांचा पिंजारी फक्कीच्या रेघेकडेने पळाला. सदरा फुगला. एका हाताने त्यांनी टोपी धरली होती. एक बाई हसली आणि दुसरीने तिला कोपर मारले.

भूपाल उभाच होता.

"चौरस रिकामा हाय!" उस्ताद पळता पळता म्हणाले.

भूपाल बसला. नदीकडे तोंड केले. हात टेकले. टाच उचलली.

बसल्यावर मैदान फार मोठे दिसू लागले. समोर मोकळी माती. पलीकडे बाभळी. त्याच्यापलीकडे नदीचे पाणी, त्यावर एक म्हैस. एवढेच. खांब दिसत नव्हता. उस्ताद खांबाला वळसा घालून मागे आले होते. त्यांची पावले ऐकू येत होती.

पावले जवळ आली. भूपालची पाठ ताठ झाली. मांडीत गोळा आला. आता हात पडेल, मग उठायचे, डावीकडे...

पावले मागून निघून गेली.

भूपालने श्वास सोडला. टाच खाली टेकू लागली होती. ती त्याने पुन्हा उचलली.

मान वळवली असती तर उस्ताद दिसले असते. त्याने वळवली नाही.

बायका पाट्या उचलून गेल्या. म्हैस पाण्याबाहेर आली. पावलांचा पळण्याचा आवाज चालण्याचा झाला. वहाणांशिवायची, जड, दमलेली पावले. ती खांब फिरून त्याच्या समोर आली नाहीत, मागूनच परतली. त्याच्या पाठीशी थांबली. धाप ऐकू येत होती.

"नाव घालू?" उस्तादांनी विचारले.

...

भूपालचा हात जमिनीवर होता. बोटांना फक्की लागली होती.  

"मारुतीचं राहू द्या," तो म्हणाला. मान न वळवता म्हणाला. "मी बसलोय."

मागून बराच वेळ नुसती धाप येत होती. मग ती शांत झाली.

"फिटलं," उस्ताद म्हणाले.