सटवाजीचे हात

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी म्हणून सांगतो आहे, पण मोठ्यांनी कान जरा जास्तच उघडे ठेवावेत.

एका डोंगरी राज्याच्या अगदी वरच्या टोकाला, बर्फाच्या पायथ्याशी, वीस-बावीस घरांची एक वाडी होती. वाडीखालून नदी वाहत होती. पाणी इतकं थंड की हात घातला तर बोटं ठणकत, आणि इतकं नितळ की तळाचे गोटे मोजून घ्यावेत. त्या पाण्यात अंगावर तांबडे ठिपके असलेला एक देखणा मासा राही. लोक त्याला ठिपक्या म्हणत.

हिवाळ्यात घाट बर्फाने बंद होई, तो थेट वैशाखात उघडे. चैत्र लागेपर्यंत कणगीतलं धान्य तळाला गेलेलं असे. तेवढा एक महिना वाडी ठिपक्यावर जगे. पण जाळं टाकायचं नाही, अशी वाडीने देवापुढे शपथ घेतलेली होती. पणजोबांच्या काळात लोकांनी जाळ्यांनी नदी उपसली होती आणि पुढे सहा वर्षं कुणाला मासा दिसला नव्हता. अर्धी वाडी तेव्हा देशोधडीला लागली होती.

बरं, गांडूळ लावून गळ टाकावा, तर चैत्रात ठिपक्या गांडुळाकडे ढुंकूनही बघत नसे. त्या दिवसांत नदीवर बारीक करड्या माश्यांचे थवे उठत आणि पाण्यावर टेकलेल्या त्या माश्याच तेवढ्या तो खाई. मग माणसाने काय करावं? गळावर कोंबड्याचं पीस दोऱ्याने बांधून खोटी माशी करावी. तिला पिसमाशी म्हणत. लांब काठी, तिला घोड्याच्या शेपटीच्या केसांची दोरी, आणि दोरीच्या टोकाला ती पिसमाशी. ती पाण्यावर अशी उतरवायची, की जणू एखादी माशी उडून दमली आणि क्षणभर बसली. जरा जोरात पडली की मासा पसार.

हे जमणारा माणूस वाडीत एकच होता. सटवाजी.

चाळीस वर्षं त्याने वाडीला चैत्र काढून दिला होता. हात सोन्याचे, पण तोंड तिखट. त्याच्याकडे शिकायला तिघे आले आणि तिघेही पळाले. पुतण्या आठ दिवस टिकला. शेजारचा एक जण चार दिवस. स्वतःचा मुलगा हैबती तीन वर्षं टिकला आणि एक दिवस काठी खाली ठेवून घाटापलीकडे खेचरांच्या तांड्यावर निघून गेला. घाट उघडा असेल तेव्हाच तो घरी येई. सटवाजी म्हणे, आजकालच्या माणसांत दमच राहिला नाही.

पुढे सटवाजीच्या डोळ्यांपुढे दूध सांडल्यासारखं दिसू लागलं. दोन वर्षं त्याने ते कुणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या चैत्रात, पहिल्याच दिवशी, त्याने काठी मागे झोकली आणि पिसमाशी सरळ काठावर उभ्या असलेल्या पाटलांच्या मुंडाशात अडकली. त्याला वाटलं मासा लागला, म्हणून त्याने खेचली. मुंडासं नदीतून वाहत गेलं आणि गुपितही त्याबरोबर गेलं.

पाटलांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना देवळापुढे बोलावलं. सटवाजीने कुणाला तरी शिकवायलाच हवं, असं ठरलं. मग कोण शिकणार, असं विचारलं, तर जो तो आपापल्या पायांकडे बघू लागला. तेव्हा मागून सटवाजीची सून, हैबतीची बायको येसू उठली. ती कुंभाराची लेक. अंगाने आडवी, चालीने संथ, कमरेवर आठ महिन्यांची मुलगी. ती म्हणाली, की मी शिकते.

सटवाजीने कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डोक्याला जो ताप सुरू झाला, तो विचारू नका. येसू मुलीला शेजारच्या गोदाक्काकडे ठेवून पहाटे नदीवर येई आणि आल्याआल्या विचारायला लागे. काठी अशीच का धरायची? दोरी हवेत दोनदाच का फिरवायची, तीनदा का नाही? सटवाजी म्हणे, मी सांगतो म्हणून. ती म्हणे, बरं मामंजी, आणि काठी झोके. पिसमाशी मागच्या वाळुंजाच्या झाडात अडके. सटवाजी दात खाई, काठी तिच्या हातातून ओढून घेई आणि म्हणे, बघ, असं. मग दोरी सुरेख उलगडे आणि माशी अलगद पाण्यावर उतरे. त्याला ती दिसत नसे, पण हाताला चाळीस वर्षांची सवय होती.

पुन्हा येसू झोके. पुन्हा वाळुंज. पुन्हा काठी सटवाजीच्या हातात.

एकदा तिने माशी पाण्यावर अशी आपटली, की जणू मातीचा ओला गोळा चाकावर थापला. एकदा दोरी स्वतःच्याच अंगाभोवती गुंडाळून घेतली. एकदा पिसमाशी बांधताना तिने पिसाचं टोक उलटं बसवलं. सटवाजीने बोटांनी चाचपून पाहिलं, ते उसवलं आणि स्वतःच नवीन बांधून दिलं. दिवसभर त्याची बडबड चाले. हैबतीला हे तीन महिन्यांत जमलं होतं. पुतण्याही तुझ्यापेक्षा बरा होता. कुंभाराच्या घरात फक्त चिखलच तुडवतात का? येसू ऐकून घेई आणि खाली वाकून दोरीचा गुंता सोडवू लागे. तेही त्याला बघवत नसे. एवढा वेळ लागतो का, म्हणून तो दोरी ओढून घेई आणि गुंता स्वतःच सोडवी.

असे बारा दिवस गेले. सटवाजीच्या हातून रोज चार-सहा मासे निघत. तेवढ्यात बावीस घरं कशी भागणार? म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणींना रस्सा मिळे, बाकीचे रानभाजी उकडून खात. येसूच्या नावावर एकही मासा नव्हता.

तेराव्या दिवशी ऊन जरा उबदार होतं. करड्या माश्यांचे थवे पाण्यावर धुरासारखे तरंगत होते. येसूने काठी झोकली, आणि कसं कोण जाणे, पिसमाशी नीट उतरली. एका खडकाआडून पाणी फुगलं. डुबुक असा आवाज झाला. दोरी ताणली गेली.

सटवाजीने तो आवाज ऐकला आणि त्याला राहवलं नाही. "सैल सोड, सैल सोड," म्हणत त्याने झेप घेतली आणि काठी तिच्या हातातून हिसकावली. या ओढाताणीत दोरी तट्कन तुटली. मासा गेला, पिसमाशीही गेली.

सटवाजीने बोलायला तोंड उघडलं, पण त्या दिवशी येसू आधी बोलली. आवाज न चढवता बोलली.

"मामंजी, या तेरा दिवसांत काठी माझ्या हातात किती वेळ होती, ते सांगाल का?"

सटवाजीला राग आला. सुनेने सासऱ्याला असं विचारावं, ते एक. आणि उत्तर त्याला माहीत होतं, ते दुसरं. मी आता कुणालाही शिकवणार नाही, असं म्हणून तो काठी तिथेच टाकून चाचपडत घरी गेला आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून बसला.

तीन दिवस तो तसाच बसला. येसू एकटीच नदीवर जाई आणि रिकाम्या हातांनी परत येई. वाडीची चूल थंड पडू लागली. मग दोन-तीन घरांत जाळं विणायला सुतळी निघाली. लोक म्हणू लागले, शपथ पणजोबांनी घेतली होती, भूक आपल्याला लागली आहे. पाटील स्वतः ओसरीवर येऊन सटवाजीला सांगून गेले, की वद्य अष्टमीपर्यंत मी कसंबसं थोपवून धरीन, त्यापुढे माझं कुणी ऐकणार नाही. अष्टमीला पाच दिवस उरले होते.

चौथ्या दिवशी सकाळी गोदाक्काची कंबर धरली. येसू मुलीला घेऊन ओसरीवर आली. पोरीला दात येत होते, रात्रभर रडून ती आत्ता कुठे झोपली होती. येसूने सासऱ्याला सांगितलं, की तुम्ही काही शिकवू नका, फक्त हिला मांडीवर घेऊन काठावर बसा. उठली तर मी पाजीन. पण तुमच्या हलण्या-बोलण्याने उगाच जागी झाली, तर दुपारपर्यंत रडेल आणि माझा आजचा दिवस जाईल.

सटवाजी नाइलाजाने गेला. नदीकाठी एका सपाट दगडावर बसला. पोरगी मांडीवर, एक हात तिच्या मानेखाली, दुसरा पाठीवर. नाक फुरफुरत ती गाढ झोपली होती.

येसूने काठी उचलली. मनगट वाकडं आहे, हे त्याला काठीच्या आवाजावरूनच कळलं. त्याचा उजवा हात उठला आणि पोरीची मान लवंडली. त्याने हात परत खाली घातला. ओरडावं म्हणून श्वास घेतला, तर पोरगी मांडीवर चुळबुळली. त्याने श्वास तसाच गिळला.

दोरी वाळुंजात अडकली. येसू जाऊन ती काढू लागली. किती वेळ लागला, विचारू नका. सटवाजीला वाटलं, एवढ्या वेळात तिने अख्खं झाड उपटलं असतं तरी चाललं असतं. त्याची बोटं शिवशिवत होती. पायाला मुंग्या आल्या होत्या. जिभेच्या टोकावर निदान वीस वाक्यं येऊन परत गेली. पण झाडाजवळून येसूचं पुटपुटणं त्याला ऐकू आलं. ती स्वतःशीच म्हणत होती, की मागे जागाच नाही, तर मागे झोकायचं कशाला?

ती परत आली, आणि तिने काठी वर उचललीच नाही. आडवी धरली. कमरेजवळून, चाकाला गती द्यावी तशी, तिने ती एका बाजूने फिरवली.

सटवाजीला ते काठीच्या आवाजावरून कळलं आणि त्याच्या जिवाची तगमग झाली. चाळीस वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. हे चूक होतं, अगदी मुळातच चूक होतं, आणि त्याला ते सांगता येत नव्हतं. त्याने ओठ इतके घट्ट दाबले की ते पांढरे पडले.

पहिल्यांदा माशी आपटली. दुसऱ्यांदा आपटली. आठव्यांदा, नवव्यांदा आपटली. मग कधीतरी आपटण्याचा आवाजच आला नाही. सटवाजीने कान टवकारले. दोरी पाण्याला लागून सळसळत गेली होती आणि पुढे सगळं शांत होतं. माशी उतरली होती.

डुबुक.

"आता काय करू?" येसूने विचारलं.

सटवाजीला सगळं सांगायचं होतं. सैल कधी सोडायची, ओढ कधी द्यायची, प्रवाहाच्या कडेला कसं चालायचं. त्याने मांडीवरच्या पोरीला थोपटलं आणि तो हळूच म्हणाला, "तुझ्या हाताला काय कळतंय?"

"तो दमतोय," ती म्हणाली.

"मग दमू दे."

तो मासा सुटला. काठाशी येऊन गळातून निसटला. सटवाजीला वाटलं, आता मात्र पोर उठली तरी हरकत नाही. पण तो बोलला नाही. येसूने कोरडी पिसमाशी लावली आणि पुन्हा काठी फिरवली. दुसराही सुटला. तिसरा मात्र तिने काठावर घेतला. ओंजळीपेक्षा मोठा, तांबड्या ठिपक्यांचा. तिने तो सासऱ्याच्या हाताला लावून दाखवला. तो गार आणि गुळगुळीत होता, आणि अजून धडपडत होता.

त्या वेळी सटवाजीच्या मनात जे आलं, ते त्याने पुष्कळ वर्षांनी पाटलांना सांगितलं. हैबतीच्या हातातून आपण काठी किती वेळा घेतली, ते त्याने मोजायचा प्रयत्न केला होता, आणि त्याला मोजता आलं नव्हतं.

त्या दिवशी येसूने चार मासे आणले. दुसऱ्या दिवशी अकरा. अष्टमीला बावीस घरांत बावीस मासे गेले आणि अर्धवट विणलेली जाळी पाटलांनी उसवली आणि सुतळी गुरांची दावी करायला दिली. वैशाखात घाट उघडला, हैबती घरी आला. सटवाजीने त्याला काठावर नेलं आणि विचारलं, की पुन्हा धरून बघतोस का? मी काही बोलणार नाही.

हैबतीने काठी हातात घेतली, जरा तोलून पाहिली आणि परत दिली. "नको आबा," तो म्हणाला. "माझं मन आता खेचरांत रमलंय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. सटवाजीला वाटलं, राग असता तर बरं झालं असतं.

पुढल्या चैत्रात सटवाजीला अंधार आणि उजेड एवढंच कळत होतं. पण नदीवर सात जण होते. येसूने त्यांना शिकायला बोलावलं होतं. कुणी काठी वरून झोकत होतं, कुणी आडवी, एक डावखुरी बाई तर नदीकडे पाठ करून. सटवाजी काठावर बसून ऐकत होता. सातांपैकी पाच जण चुकत होते, हे त्याला कळत होतं, आणि त्याचा जीव वर-खाली होत होता. पण तो गप्प होता, आणि त्या दिवशी वाडीत सगळ्या चुली पेटल्या.

तात्पर्य : जो वैतागून दुसऱ्याच्या हातातलं काम ओढून घेतो, त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपते.