फुंकरीला उठणाऱ्या झेंड्या

फार जुन्या काळची ही गोष्ट. किती जुनी, ते सांगणारेही आता कोणी उरले नाही, एवढी जुनी.

उंच डोंगरांच्या पलीकडे एक राज्य होते. तिथे थंडी पाहुण्यासारखी येत नसे, मुक्कामालाच येई. ओढे गोठत, रांजणातले पाणी गोठे, आणि एका गावाशेजारचे मोठे तळे तर असे गोठे की त्यावरून खुशाल बैलगाडी न्यावी. शेत नाही, भाजी नाही. तीन महिने अख्ख्या गावाचे पोट त्या तळ्यावर चाले.

गावकरी बर्फाला भोक पाडत आणि त्यावर झेंडीगळ ठेवत. झेंडीगळ म्हणजे भोकावर आडवी बसणारी एक लाकडी फळी. फळीला दोरीची फिरकी, दोरीच्या टोकाला गळ आणि गळाला चारा. फळीच्या वर वेताची लवचीक काडी आणि काडीला कापडाची झेंडी. काडी वाकवून खटक्यात अडकवायची. खाली माशाने दोरी ओढली की खटका सुटे आणि झेंडी टुणकन उभी राही. मग शेकोटीपाशी बसलेल्या माणसाने धावत जायचे आणि मासा वर काढायचा.

एवढेच काम. पण ह्या एवढ्याशा कामावर घर जेवे किंवा उपाशी झोपे.

फार भोके पाडली तर बर्फ कमजोर होतो, म्हणून एका घराला तीनच भोके, असा गावाचा नियम होता. दुसरा नियम गावपंगतीचा. ऐन थंडीत एक दिवस सगळा गाव एकत्र जेवे. त्या दिवशी प्रत्येक घराने हातभर लांबीचा एक मासा पंगतीच्या हंड्यात घालायचा. ज्या घराला ते जमले नाही, त्याची तळ्यावरची जागा काढून दुसऱ्या घराला देत. नियम कठोर खरा, पण जागा थोड्या आणि तोंडे फार.

त्या गावात एक कोळी आणि कोळीण राहत. त्यांची जागा तळ्याच्या मधोमध, खोल पाण्यावर. मोठा मासा तिथेच. कोळ्याच्या आजोबापासून चालत आलेली जागा होती ती. पण त्या वर्षी कोळी लाकडे तोडताना घसरला आणि त्याचा पाय मोडला. जुने झेंडीगळ तर आदल्या वसंतात बर्फ फुटला तेव्हाच वाहून गेले होते. आता नवे गळ आणायचे ते कोळिणीनेच, आणि तळ्यावर बसायचे तेही तिनेच.

ती बाजाराला निघाली तेव्हा कोळी अंथरुणातून म्हणाला, "एकच सांगतो. पाण्यात बुडवून बघ. हात ओला केल्याशिवाय गळ घेऊ नकोस."

"बरं, बरं," ती म्हणाली. "मला काय डोळे नाहीत?"

बाजारात गळ विकणारे दोघे होते. एकापाशी ही गर्दी! त्याच्या फळ्या रंगवलेल्या, झेंड्या लालभडक. तो ओरडत होता, "फुंकर मारा बाई, फुंकर! नुसत्या फुंकरीला उठते!"

बायका फुंकर मारत, झेंडी टुणकन उठे आणि सगळ्या हसत. शेजारीण कोळिणीला कोपराने ढोसून म्हणाली, "हेच घे गं. आम्ही दर वर्षी हेच घेतो. मासा नुसता हुंगायला आला तरी कळतं."

दुसरा एक म्हातारा सुतार होता. त्याचे गळ काळपट, झेंड्या मळक्या. समोर पाण्याने भरलेली कोटंबी, म्हणजे लाकडाची कोरीव डोणी, तिच्यात बर्फाचे तुकडे तरंगत होते. तो म्हणाला, "घाल बाई हात. फिरकी पाण्याखाली फिरवून बघ."

कोळिणीने त्या पाण्याकडे पाहिले. मग आपल्या लोकरीच्या बाहीकडे पाहिले. घरापर्यंत दोन कोस चालायचे होते आणि वारा बोचत होता. ती म्हणाली, "पुढच्या खेपेला बघू हं, बाबा," आणि लाल झेंड्यांचे तीन गळ घेऊन घरी आली.

"हात ओला केलास ना?" कोळ्याने विचारले.

"केला की," ती म्हणाली.

एवढेच एक खोटे. तिला वाटले, एवढ्याने काय होते?

तळे गोठले. पहिल्या दिवशी ती जागेवर जाऊन बसते न बसते तोच झेंडी उठली. ती धावली. दोरी ओढली, तर मासा नाही. परत शेकोटीशी येते तोवर दुसरी उठली. तीही रिकामी. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत ती चाळीस वेळा धावली असेल, आणि हाती लागले काय, तर गुडघ्यांना कळा.

शेजारणीची जागा काठाच्या टेकाडाआड होती, तिथे वारा नव्हता. कोळिणीची जागा उघड्यावर. खिंडीतून आलेला वारा सरळ तिच्या झेंड्यांवर फुंकर मारी आणि त्या इमानाने उठत. फुंकरीला उठतात, असे विकणाऱ्याने सांगितलेच होते. त्यात त्याचे काय चुकले?

तिने खटका दोऱ्याने घट्ट बांधून पाहिला. झेंडी उठेना. दिवसभर तिने सुखाने हात शेकले. संध्याकाळी पाहते तर तिन्ही गळांवरचा चारा कोणीतरी खाऊन गेलेले. तिने दोरा पुन्हा सोडला आणि पुन्हा धावायला लागली.

असे तीन आठवडे गेले. बोटाएवढे चार मासे मिळत, ते उकडून ती नवऱ्याला वाढी. "यंदा मासाच कमी आहे," म्हणे. स्वतःसाठी मात्र चुलीवर नुसते पाणी उकळत ठेवी, म्हणजे शेजारी धूर दिसावा. पण धुराला वास नसला की शेजारणीला कळायचे ते कळतेच. ती वाडगाभर रस्सा घेऊन येई आणि म्हणे, "आज जरा जास्तच झाला गं." तो कधीच जास्त झालेला नसे.

पंगतीला चार दिवस उरले. तळ्याच्या काठी कुंभारीण आपल्या पोरांना घेऊन उभी राहू लागली. तिच्या घरात सात तोंडे आणि जागा उथळ पाण्यावरची. कोळ्याची जागा गेली तर ती तिलाच मिळणार होती. ती काही बोलत नसे, नुसती बघे. कोळिणीला ते बघणे फार लागे.

त्या दुपारी कोळीण रिकामी दोरी हातात धरून भोकापाशीच बसली आणि रडू लागली. तेव्हा भोकातून एक मिशाळ तोंड वर आले. पाणमांजरी होती.

"रडू नकोस बाई," पाणमांजरी म्हणाली. "आणि जरा सरक, मला श्वास घेऊ दे."

"माझा चारा तूच खातेस होय गं?" कोळीण उसळली.

"मी खाते, मासेही खातात. का नाही खाणार?" पाणमांजरी म्हणाली. "तळ्यातली बाकीची भोकं घटकाभरात गोठतात. तू दिवसभर धावतेस, दोऱ्या ओढतेस, म्हणून तुझी उघडी असतात. अशी चंगळ मला कधी मिळाली नव्हती. पण तुझ्या खाल्ल्या चाऱ्याला जागले पाहिजे, म्हणून सांगते. हे गळ तू वरून बघून घेतलेस ना?"

कोळिणीने हातातली रिकामी दोरी बाजूला ठेवली.

"ते खालून कसे दिसतात, ठाऊक आहे? तुझी फिरकी पाण्याच्या वर, हवेत. उघड्यावरच्या वाऱ्यानं गारठून ती गच्च होते. मोठा मासा चारा तोंडात धरतो, जरा ओढतो, दोरी अडते, आणि तो ओळखतो की वर कोणीतरी आहे. लगेच थुंकतो. मग तू येतेस धाडधाड धावत. तुझी पावलं खाली ढोल वाजवल्यासारखी ऐकू येतात. मोठे मासे तर हल्ली इकडे फिरकतच नाहीत."

"मग ह्या झेंड्या बदलू?"

"झेंडीला माशांनी कधी पाहिलंय? ती तुमच्यासाठी असते. आमच्याकडे जे असतं, ते बघून घे."

कोळिणीने डोळे पुसले. "पण मला चांगले गळ मिळाले तर मी धावणार नाही. मग तुझं भोक गोठेल की."

"ते माझं मी बघेन," पाणमांजरी म्हणाली आणि बुडाली.

कोळीण घरी गेली. नवऱ्यासमोर बसली आणि म्हणाली, "मी हात ओला केला नव्हता."

कोळी कोपरावर रेलून उठून बसला. मग म्हणाला, "खोटं बोललीस त्याचा राग नाही. गार पाण्यात हात घालायला कोणाला आवडतं? पण तीन आठवडे तू एकटी धावलीस आणि मी इथं लोळून मासे खाल्ले, ह्याचा मात्र आला. उद्या सकाळी निघ. तो सुतार तळ्याच्या पलीकडच्या काठाला राहतो."

दुसऱ्या दिवशी ती गोठलेले तळे तुडवत सुताराच्या झोपडीत पोचली. सोबत विणलेली एक घोंगडी नेली होती, बदल्यात द्यायला. सुताराने दहा गळ मांडले आणि कोटंबीकडे बोट दाखवले. कोळिणीने बाही कोपरापर्यंत सारली आणि हात पाण्यात घातला. आई गं! हाडापर्यंत कळ गेली.

पण तिने हात काढला नाही. एकेक गळ कोटंबीवर ठेवी, फिरकी पाण्याखाली जाते का ते बघे, बोटाने फिरवून बघे. दोन फिरक्या अडखळत होत्या, त्या बाजूला ठेवल्या. उरलेल्यांना चाऱ्याएवढा बारीक खडा बांधला आणि घमेल्याने जोरात वारा घातला. तीन झेंड्या उठल्या. त्याही बाजूला ठेवल्या. मग तिने दोरी ओढली, मासा ओढतो तशी, आधी हळू आणि मग एकदम. तीन झेंड्या उठल्याच नाहीत. एवढ्यात तिची बोटे निळी पडली होती.

उरले दोन.

सुतार कमरेवर हात ठेवून बघत होता. "बाई," तो म्हणाला, "लोक माझ्याकडे येत नाहीत, आणि येतात ते म्हातारा खोटं बोलणार नाही म्हणून डोळे मिटून घेऊन जातात. माझेच आठ गळ नाकारणारी तू पहिलीच."

"रागावलात का, बाबा?"

"छे! हात शेक आधी." त्याने तिला शेगडीजवळ बसवले. "तिसरा करून देऊ? चार दिवस लागतील."

"पंगत तीन दिवसांवर आहे," ती म्हणाली. "दोनच पुरेत. मिळेल तो, न पारखता, मी एकदा घेतलाय, बाबा. आता नको."

ती दोन गळ घेऊन परतली. तिसरे भोक तिने गळाशिवायच ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ त्यावरचा बर्फ फोडत राहिली. लोकांनी विचारले, "हे कशासाठी?" ती म्हणे, "श्वासासाठी." लोकांना वाटले, काळजीने बाईचे डोके फिरले.

पहिला दिवस गेला. झेंडी उठली नाही. दुसराही गेला. पंगतीचा दिवस उजाडला तोच वाऱ्यावर बसून. काठाच्या टेकाडाआडसुद्धा झेंड्या फडाफड उठू लागल्या आणि सगळा गाव इकडून तिकडे धावू लागला. फक्त कोळिणीचे दोन गळ गप्प होते.

"अगं, तुझे गळ मेले की काय?" शेजारीण धापा टाकत ओरडली. "जाऊन बघ तरी एकदा!"

कोळिणीला सारखे वाटत होते, उठावे, दोरी चाचपावी, निदान चारा आहे का बघावे. आजोबांची जागा दुपारी जाणार होती. पण तिने स्वतः त्या गार पाण्यात हात घालून हे गळ निवडले होते. आता त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही, तर मग निवडले कशाला? ती गुडघे आवळून बसून राहिली.

उन्हे डोक्यावर आली. पंगतीचा हंडा चुलीवर चढला. वाऱ्याने कोळिणीच्या डोळ्यांतून पाणी येत होते, तिने ते पुसायला पदर वर घेतला, आणि तेवढ्यात कोणीतरी किंचाळले, "कोळीणबाई! झेंडी! तुझी झेंडी! धाव!"

ओरडली होती ती कुंभारीण. जिला ती जागा मिळायची, तीच.

कोळीण धावली. त्या दिवसातली ती एकच धाव. फिरकी पाण्याखाली भिरभिरत होती आणि दोरी सरसर खाली जात होती. तिने दोरी धरली, थोडी सोडली, थोडी ओढली, पुन्हा सोडली. बर्फाच्या कडेशी मोठे चंदेरी डोके आले. कुंभारीण पोटावर आडवी झाली, तिने कल्ल्यात बोटे घातली, आणि दोघींनी मिळून तो मासा वर काढला. हातभर कसला, चांगला दीड हात होता.

पंगतीला गावाचा म्होरक्या स्वतः हंड्यापाशी उभा होता. मासा पाहून म्हणाला, "जागा तुमचीच राहिली. पण बाई, तीन आठवडे मी तुला धावताना पाहिलं. तेव्हा काही मिळालं नाही, आणि आज मिळालं. आज वेगळं काय केलंस?"

"कमी धावले," कोळीण म्हणाली.

सगळे हसले. कुंभारीण मात्र हसली नाही. जेवण झाल्यावर ती कोळिणीजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "मला शिकवशील?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोघी तळे ओलांडून सुताराकडे निघाल्या. त्या थंडीत कुंभाराच्या घरी, उथळ पाण्यावरच्या जागेतूनही, सात तोंडांना रोज पुरेल एवढा मासा येऊ लागला.

तात्पर्य: जी वस्तू जिथे राबणार आहे, तिथेच हात घालून तिची पारख करावी, कोरड्या हाताने केलेली निवड मग पायांना फेडावी लागते.